इंग्रजी वाक्यातला स्वल्पविराम: 'अँड', 'बिकॉज' आणि 'हू' यांच्या आसपास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एका सहकारी पतसंस्थेचा इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळता, शिक्षण मराठी माध्यमातले आहे, आणि 'वाचताना जेथे थांबाल तेथे स्वल्पविराम द्या' हा शाळेत शिकवलेला नियम तुम्ही इमानाने पाळता. तरीही तुमचे वरिष्ठ एका पत्रात 'अँड'च्या आधीचा स्वल्पविराम खोडतात आणि दुसऱ्या पत्रात तोच स्वतःच्या हाताने घालतात. त्यामुळे या दुरुस्त्यांमागे काही नियम आहे की त्या त्या दिवशीची मर्जी, असा तुमचा सवाल आहे. सोबत पाठवलेली चारही वाक्ये मी या उत्तरात घेतली आहेत. ती देवनागरीतच लिहितो, कारण शिकवताना माझा अनुभव असा आहे की इंग्रजी उदाहरण देवनागरीत उतरवले की डोळा स्पेलिंगवर रेंगाळत नाही, थेट चिन्हावर जातो.

पहिले वाक्य, ज्यातला स्वल्पविराम खोडला गेला: 'द कमिटी इन्स्पेक्टेड द गोडाउन, अँड सबमिटेड इट्स रिपोर्ट ऑन मंडे.' दुसरे, ज्यात तो घातला गेला: 'द कमिटी इन्स्पेक्टेड द गोडाउन अँड द सेक्रेटरी सबमिटेड द रिपोर्ट ऑन मंडे.' दोन्ही ठिकाणी तुमच्या वरिष्ठांचे बरोबर आहे. 'अँड'च्या उजवीकडे नवा कर्ता आला आहे का, एवढेच पाहायचे. पहिल्या वाक्यात तपासणी करणारी समिती आणि अहवाल देणारीही समितीच. कर्ता एक, क्रियापदे दोन, म्हणून मध्ये चिन्ह नको. दुसऱ्या वाक्यात उजवीकडे सचिव उभे आहेत आणि त्यांचे स्वतःचे क्रियापद त्यांच्यासोबत आहे. दोन्ही बाजू एकेकट्या वाक्य म्हणून उभ्या राहू शकतात, म्हणून उभयान्वयी अव्ययाच्या आधी स्वल्पविराम येतो. 'अँड', 'बट', 'ऑर', 'नॉर', 'फॉर', 'येट' आणि 'सो' या सातही अव्ययांना हेच लागू आहे. इंग्रजी शिकवणारे या सातांच्या आद्याक्षरांवरून 'फॅनबॉइज' असा शब्द बनवून तो मुलांकडून पाठ करून घेतात.

हा नियम पाठ करणे सोपे आहे, पण तो का आहे हे कळल्याशिवाय तो हाताला वळण लावत नाही, आणि येथे मराठी माणसाची अडचण खरोखर वेगळी आहे. मराठी वाक्य क्रियापदावर संपते. 'समितीने गोदामाची तपासणी केली' यातले 'केली' कानावर पडले की विधान पुरे झाले हे ऐकणाऱ्याला कळते; पुढे 'आणि' येवो वा 'पण', घोटाळा होत नाही. शिवाय 'सचिवांनी' या शब्दातला 'नी' दारातच सांगतो की हा नवा कर्ता आला आहे. इंग्रजीत क्रियापद मध्ये असते, कर्म शेवटी असते, आणि ते कर्म कोठे संपले हे सांगणारा प्रत्यय त्या भाषेजवळ नाही. त्यामुळे तुमचे दुसरे वाक्य स्वल्पविरामाशिवाय वाचणाऱ्याला क्षणभर असे वाटते की समितीने गोदामाबरोबर सचिवांचीही तपासणी केली. 'सबमिटेड' हा शब्द आल्यावर तो चमकतो, मागे जातो आणि वाक्य पुन्हा लावतो. हे मागे जाणे वाचवण्यासाठी तो स्वल्पविराम आहे. जे काम मराठीत विभक्ती आणि शेवटचे क्रियापद करतात, ते काम इंग्रजीत पुष्कळदा या एका चिन्हावर येऊन पडते.

श्वासाचा नियम अगदीच निराधार नव्हता, हेही सांगायला हवे. ग्रीक परंपरेत अशी चिन्हे मोठ्याने वाचणाऱ्याच्या सोयीसाठी सुरू झाली. 'कॉमा' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'कापलेला तुकडा' असा आहे. आज आपण काढतो ती आकडीची आकृती पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमधल्या आल्दुस मानुतिउस यांच्या छापखान्यातून रुळली. मराठीत तर मोडी लिहिणाऱ्याला शब्द तोडण्याचीही गरज वाटत नसे. विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणाने आली आणि त्यांची घडी बसवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. आपण चिन्हे उसनी घेतली, पण ज्या अडचणीसाठी ती इंग्रजीला लागत होती ती अडचण आपल्या वाक्याला फारशी नव्हतीच. म्हणून मराठीत स्वल्पविराम बऱ्याच अंशी कानावर सोडता येतो. इंग्रजीत तसा सोडला की तो अर्थात ढवळाढवळ करतो.

आता अपवाद. दोन्ही बाजू अगदी आखूड असतील तर चिन्ह गाळले तरी चालते: 'ही साइन्ड अँड शी लेफ्ट.' ब्रिटिश लेखक ही सवलत अमेरिकी लेखकांपेक्षा सढळपणे घेतात. उलट, कर्ता एकच असूनही स्वल्पविराम द्यावा लागतो अशीही जागा आहे. 'शी थँक्ड द क्लार्क हू हॅड साइन्ड द रजिस्टर अँड लेफ्ट.' निघून कोण गेले, ती की लिपिक? 'रजिस्टर'नंतर स्वल्पविराम दिला की 'लेफ्ट' हे क्रियापद लिपिकापासून सुटते आणि तिच्याकडे जाते. नियमाचे पुस्तक उघडून बसलेला नवखा तपासनीस हा स्वल्पविराम हमखास खोडतो. मीही पहिल्या दोन-तीन वर्षांत असे पुष्कळ खोडले आहेत. एका करारनाम्यात खोडलेला असाच एक स्वल्पविराम पक्षकाराच्या वकिलांनी पेन्सिलीने परत घातला आणि समासात फक्त प्रश्नचिन्ह काढून मसुदा माझ्याकडे धाडला, तेव्हापासून खोडण्याआधी मी क्रियापदाचा धनी शोधतो.

हा धनी शोधण्याचा प्रश्न न्यायालयांपुढेही आला आहे, आणि तोही आपल्या घराजवळ. विदर्भात पूर्वी लागू असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४९च्या घरभाडे नियंत्रण आदेशात भाडेकरूला काढण्यासाठी परवानगी मिळण्याचे एक कारण असे दिले होते: 'द टेनंट हॅज सिक्युअर्ड ऑल्टरनेटिव्ह अकॉमोडेशन, ऑर हॅज लेफ्ट द एरिया फॉर अ कंटिन्युअस पीरियड ऑफ फोर मंथ्स अँड डझ नॉट रीझनेबली नीड द हाउस.' म्हणजे भाडेकरूने दुसरी जागा मिळवली असेल, किंवा तो सलग चार महिने गाव सोडून गेला असेल आणि त्याला घराची रास्त गरज नसेल. दुसरी जागा मिळवलेल्या भाडेकरूच्या बाबतीतही 'घराची गरज नाही' हे मालकाने सिद्ध करायचे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८८च्या निकालात न्यायालयाने 'अकॉमोडेशन'नंतरच्या स्वल्पविरामाकडे बोट दाखवले. त्या चिन्हाने पहिला पर्याय तेथेच तोडला आहे, आणि शेवटची अट फक्त दुसऱ्या पर्यायाला चिकटलेली आहे. 'अँड'च्या आधी चिन्ह नाही, 'ऑर'च्या आधी आहे. एवढ्यावर भाडेकरूची बाजू पडली.

याच न्यायालयाने १९५२ साली एका निकालात विरामचिन्ह हा कायद्याचा अर्थ लावताना गौण घटक असतो असे म्हटले होते, आणि वकील मंडळी ते वाक्य अजून ऐकवतात. तत्त्व म्हणून ते ठीक आहे. पण मसुदा लिहिणाऱ्याने त्यावर विसंबून राहू नये.

स्वल्पविराम नसण्याचाही अर्थ लागतो. महाराष्ट्र शासन पक्षकार असलेल्या आणि १९७९च्या निकालसंग्रहांत छापलेल्या एका खटल्यात औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे कलम २७ तपासले गेले. त्यातले शब्द होते: 'मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल ऑर डिस्ट्रिब्यूट्स.' औषधांचा नुसता साठा बाळगणे हा या कलमाखाली गुन्हा होतो का, असा प्रश्न होता. 'स्टॉक्स'नंतर स्वल्पविराम नाही, म्हणून 'स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल' हा एकच सलग तुकडा आहे, आणि 'विक्रीसाठी' ही अट साठ्यालाही लागू होते, असे न्यायालयाने ठरवले. विक्रीचा हेतू सिद्ध न होता नुसता साठा सापडला तर या कलमाखाली गुन्हा नाही.

अमेरिकेत मेन राज्यातल्या ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांचा खटला याच जातीचा आहे आणि तो जगभर गाजला. जादा कामाच्या दीडपट मजुरीतून वगळलेल्या कामांची यादी राज्याच्या कायद्यात होती, आणि तिचा शेवट असा होता: 'स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ', आणि पुढे शेतमाल, मांस-मासळी व नाशवंत खाद्यपदार्थ. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. चालक म्हणाले की वगळले आहे ते 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणे', नुसते वितरण नव्हे, आणि आम्ही बांधत नाही, फक्त पोचवतो. कंपनी म्हणाली की बांधणी वेगळी आणि वितरण वेगळे. मार्च २०१७ मध्ये अपील न्यायालयाने हे शब्द संदिग्ध आहेत असे म्हणून चालकांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी प्रकरण ५० लाख डॉलर देऊन मिटले. या खटल्यातला मला आवडणारा तपशील असा की मेनच्या कायदेमंडळाची मसुदालेखन-पुस्तिकाच यादीतल्या शेवटच्या 'ऑर'आधी स्वल्पविराम देऊ नका असे सांगत होती. म्हणजे लिहिणाऱ्याने चूक केली नव्हती. नियम पाळला होता. नंतर कायदेमंडळाने ती यादी दुरुस्त केली तेव्हा स्वल्पविरामांचा नादच सोडला आणि प्रत्येक कामानंतर अर्धविराम घातला.

यादीतल्या या शेवटच्या स्वल्पविरामाला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. तो द्यावा की नाही यावर लोक हमरीतुमरीवर येतात, पण माझ्या मते त्यात फार जीव नाही. तुमच्या संस्थेने एक पद्धत ठरवावी आणि पाळावी. करार, ठराव आणि नोटिसा यांत मात्र तो द्यावाच.

तुमचे चौथे वाक्य आधी घेतो, कारण ते आटोपशीर आहे: 'द चेअरमन सेड दॅट, द डिव्हिडंड वुड बी पेड इन ऑक्टोबर.' येथे 'दॅट'नंतरचा स्वल्पविराम खोडला गेला, तो योग्यच. हा शुद्ध मराठी स्वल्पविराम आहे. 'अध्यक्ष म्हणाले की,' असे लिहून आपण चिन्ह देतो आणि मगच पुढे जातो. तीच सवय लेखणीतून इंग्रजीत उतरते. इंग्रजीत 'दॅट'पासूनचे सगळे वाक्य हे 'सेड'चे कर्म आहे, आणि क्रियापद व कर्म यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम येत नाही. त्याच न्यायाने कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्येही तो येत नाही. कर्ता कितीही लांबला, म्हणजे 'द मेंबर्स हू अटेंडेड द जनरल मीटिंग हेल्ड इन सप्टेंबर' इतका लांबला, तरी पुढच्या 'आर रिक्वेस्टेड'च्या आधी दम घेण्यासाठी चिन्ह देऊ नये. आपल्या सरकारी आणि सहकारी कार्यालयांतल्या इंग्रजीत हा दमाचा स्वल्पविराम सर्वांत जास्त आढळतो. 'बट' आणि 'अँड' यांच्यानंतर आपण जो स्वल्पविराम देतो, तोही 'परंतु,' वरून आलेला असतो. उभयान्वयी अव्ययाच्या आधी चिन्ह येईल किंवा येणार नाही. केवळ ते अव्यय आहे म्हणून त्याच्या नंतर येत नाही.

मात्र त्याच्या मागोमाग काही मध्ये घातलेले असेल तर प्रश्न उरतो. 'द लोन वॉज सँक्शन्ड, अँड इफ द पेपर्स आर इन ऑर्डर, द चेक विल बी इश्यूड.' यात 'अँड'नंतर आणखी एक स्वल्पविराम द्यावा का? काटेकोरपणे पाहिले तर 'इफ द पेपर्स आर इन ऑर्डर' हा मध्ये घातलेला तुकडा आहे आणि त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण हवे. पण मग 'अँड'च्या आगेमागे चिन्हे येतात आणि तो शब्द दोन खांबांत अडकलेल्या पाखरासारखा दिसतो. आजची चांगली इंग्रजी लेखनपद्धती तो मधला स्वल्पविराम गाळते, आणि मीही गाळतो. अपवाद एवढाच की घातलेला तुकडा खरोखर आडवा असेल, म्हणजे 'अ‍ॅज द ऑडिटर पॉइंटेड आउट' यासारखा उचलून फेकला तरी वाक्याला ओरखडा न येणारा असेल, तर त्याला दोन्ही कुंपणे देतो. 'इफ'चा तुकडा फेकता येत नाही. ती अट आहे, आणि ती गेली तर धनादेश बिनशर्त निघेल.

दोन्ही कुंपणे म्हणालो ते जपून वाचावे. मध्ये घातलेल्या मजकुराचे स्वल्पविराम कंसासारखे जोडीने असतात. उघडला तर मिटायला हवा. प्रत्यक्षात चुका होतात त्या दुसऱ्या चिन्हाच्या. तुकडा सुरू करताना लिहिणारा सावध असतो, पण तो लांबला की शेवटी विसरतो. 'द ब्रँच अ‍ॅट सातारा, महाराष्ट्र विल रिमेन क्लोज्ड' यात 'महाराष्ट्र'नंतरचे चिन्ह राहिले आहे. जुन्या छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, त्याला कॉपीहोल्डर म्हणत, आणि मुद्रितशोधक प्रुफावर नजर ठेवायचा. वाचणारा 'कॉमा', 'फुलस्टॉप' ही चिन्हेही शब्दांसारखी उच्चारून वाचायचा. माझी उमेदवारी त्या पद्धतीच्या शेवटच्या दिवसांत झाली. तसे एकदा करून पाहा. उघडलेला आणि न मिटलेला स्वल्पविराम कानाला लगेच खुपतो.

जोडी पुरी झाल्यावरही पंचाईत होऊ शकते, याचे कॅनडातले उदाहरण सांगण्यासारखे आहे. रॉजर्स ही केबल कंपनी आणि अ‍ॅलियंट ही दूरध्वनी कंपनी यांच्यात खांबांच्या वापराबद्दल करार होता. त्यातले कलम सांगत होते की करार 'शॅल कंटिन्यू इन फोर्स फॉर अ पीरियड ऑफ फाइव्ह इयर्स फ्रॉम द डेट इट इज मेड, अँड देअरआफ्टर फॉर सक्सेसिव्ह फाइव्ह इयर टर्म्स, अनलेस अँड अन्टिल टर्मिनेटेड बाय वन इयर प्रायर नोटीस इन रायटिंग बाय आयदर पार्टी.' रॉजर्सची समजूत होती की पहिली पाच वर्षे पक्की आहेत आणि एक वर्षाच्या नोटिशीची मुभा पुढच्या मुदतींपुरती आहे. आता 'टर्म्स'नंतरचा स्वल्पविराम पाहा. तो आणि 'मेड'नंतरचा मिळून 'अँड देअरआफ्टर...' हा तुकडा कंसात टाकतात. कंसातला मजकूर उचलून बाजूला ठेवा, म्हणजे उरते ते असे: करार पाच वर्षे चालेल, जर कोणी एक वर्षाची नोटीस देऊन तो संपवला नाही तर. मुभा पहिल्या पाच वर्षांनाही लागू झाली. २००६ साली तेथील दूरसंचार नियामकाने नेमके हेच वाचन मान्य करून अ‍ॅलियंटच्या बाजूने निर्णय दिला. पुढच्या वर्षी तो फिरला, पण स्वल्पविरामाच्या नव्या मीमांसेमुळे नव्हे, तर कराराच्या नमुन्याची फ्रेंच प्रतही अधिकृत होती आणि तिच्यात अशी संदिग्धता नव्हती म्हणून. आपल्याकडच्या मसुद्याला असे दुसऱ्या भाषेतले पाठबळ क्वचितच असते.

'हाउएव्हर'बद्दल थोडक्यात सांगतो. 'द लोन वॉज सँक्शन्ड, हाउएव्हर द चेक वॉज नॉट इश्यूड' हे वाक्य चुकीचे आहे, कारण 'हाउएव्हर' हे उभयान्वयी अव्यय नाही, क्रियाविशेषण आहे. ओळखण्यासाठी मराठीचा आधार घ्यावा. 'परंतु' वाक्याच्या दारातून हलत नाही, तर 'मात्र' कोठेही जाऊन बसते: 'धनादेश मात्र निघाला नाही', 'धनादेश निघाला मात्र नाही'. 'बट' हे 'परंतु'सारखे आहे आणि 'हाउएव्हर' हे 'मात्र'सारखे. जो शब्द वाक्यात आत सरकवता येतो तो दोन वाक्यांना जोडू शकत नाही. त्याच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम द्यावा आणि नंतर स्वल्पविराम. 'देअरफोर' आणि 'मोअरओव्हर' यांचेही असेच.

'बिकॉज', 'इफ', 'व्हेन' यांची गौण वाक्ये आधी आली तर ती संपताच स्वल्पविराम द्यावा, आणि प्रधान वाक्यानंतर आली तर सहसा देऊ नये. 'सहसा' म्हणण्याचे कारण नकारार्थी वाक्ये. 'द मॅनेजर डिड नॉट रिझाइन बिकॉज द ऑडिट वॉज सिव्हिअर.' त्यांनी राजीनामा दिला नाही आणि त्याचे कारण लेखापरीक्षण, की राजीनामा दिला पण कारण वेगळेच होते? 'लेखापरीक्षणामुळे त्यांनी राजीनामा दिला नाही' हे मराठीही इतकेच दुटप्पी आहे. मराठीत आपण 'राजीनामा दिला तो लेखापरीक्षणामुळे नव्हे' असे वाक्य फिरवून मोकळे होतो. इंग्रजीत 'बिकॉज'च्या आधी स्वल्पविराम दिला की पहिला अर्थ उरतो आणि न दिल्यास दुसऱ्याकडे कल जातो. पण एवढ्या बारीक चिन्हावर एवढे ओझे टाकण्यापेक्षा तेथेही वाक्य फिरवलेलेच बरे.

आता तिसरे वाक्य. यावर तुमच्या वरिष्ठांनी काहीच खूण केलेली नाही, आणि चारांत खरी चूक हीच आहे: 'बॉरोअर्स, हू हॅव नॉट पेड टू इन्स्टॉलमेंट्स, विल रिसीव्ह अ नोटीस.' 'हू'चा तुकडा दोन स्वल्पविरामांत बंद केला की तो कंसवजा होतो, म्हणजे जाता जाता दिलेली जादा माहिती ठरते. ती उचलून ठेवा: 'बॉरोअर्स विल रिसीव्ह अ नोटीस.' सर्व कर्जदारांना नोटीस जाईल. शिवाय उचललेला तुकडा सांगतो की सर्वच कर्जदारांनी हप्ते थकवले आहेत. नियमित फेड करणाऱ्या सभासदाने हे पत्र घेऊन तुमच्या काउंटरवर यावे आणि 'मी थकबाकीदार कधी झालो?' असे विचारावे, इतका तो मजकूर सरळ आहे. चिन्हे काढली की तुकडा कर्जदारांची निवड करतो: ज्यांनी भरले नाहीत, त्यांनाच.

मराठी माणसाला ही जागा अवघड जाते, कारण 'ज्यांनी हप्ते भरले नाहीत त्या कर्जदारांना' हे वाक्य आपण स्वल्पविराम देऊन वा न देऊन कसेही लिहिले तरी अर्थ बदलत नाही. निवड 'ज्या-त्या'च्या जोडीतच आहे. मी शिकवताना एक कसोटी वापरतो. इंग्रजी वाक्याचा मनात मराठी अनुवाद करा. 'ज्यांनी... त्यांनाच' असा 'च' लावून तो बसत असेल तर स्वल्पविराम नकोत. 'कर्जदारांना, आणि त्या सर्वांनी...' असा 'आणि' घालून बसत असेल तर दोन्ही स्वल्पविराम हवेत. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे' म्हणजे भावांपैकी जो पुण्यात आहे तोच. 'माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन पुणे,' म्हणजे माझा भाऊ, आणि तो पुण्यात राहतो. दुसऱ्या वाक्यात भाऊ बहुधा एकच असतो. 'पुण्यात राहणारा माझा भाऊ' या आपल्या रचनेत हे कळत नाही, विचारावे लागते.

नावांनाही हाच 'च' चालतो. 'इंडियाज फर्स्ट प्राइम मिनिस्टर, जवाहरलाल नेहरू, वॉज बॉर्न इन अलाहाबाद' यात पहिले पंतप्रधान एकच असल्याने नाव ही जादा माहिती आहे, म्हणून दोन्ही चिन्हे येतात. 'प्राइम मिनिस्टर जवाहरलाल नेहरू' यात पद हे नावाला जोडलेली उपाधी आहे, म्हणून एकही नाही. 'अवर डायरेक्टर' लिहून पुढे नाव देताना संचालक एक आहेत की अकरा, हे आधी मोजावे. 'दॅट'ने सुरू होणारे विशेषणवाक्य निवड करणारे असते, म्हणून त्याला कुंपण नसते. 'विच' दोन्ही प्रकारांत चालते, आणि म्हणूनच तेथे चिन्हांवर जास्त भिस्त असते. अमेरिकी संपादक निवडीसाठी 'दॅट'च वापरा असा आग्रह धरतात. इंग्लंडमध्ये तो तितका नाही, पण तुमच्या पत्रव्यवहारासाठी मी तो आग्रह धरायला सांगेन.

घातलेल्या तुकड्यात त्याचे स्वतःचे स्वल्पविराम असतील, जसे की तीन संचालकांची नावे, तर बाहेरची जोडी स्वल्पविरामांची ठेवू नये. तेथे डॅश किंवा कंस वापरावेत, नाहीतर कोणते चिन्ह यादीचे आणि कोणते कुंपणाचे हे कळत नाही.

राहता राहिली ती नोटीस. ती अजून बाहेर पडली नसेल तर दोन स्वल्पविराम काढणे एवढीच दुरुस्ती पुरेशी नाही, कारण 'नॉट पेड टू इन्स्टॉलमेंट्स' यात नेमके दोन हप्ते की दोन किंवा अधिक, हेही लटकते राहते. मी ती अशी लिहीन: 'बॉरोअर्स हू आर इन अरिअर्स बाय टू ऑर मोअर इन्स्टॉलमेंट्स विल रिसीव्ह अ नोटीस.' यात एकही स्वल्पविराम नाही. नोटीस आधीच गेली असेल तर शुद्धिपत्रक काढावे लागेल, आणि ते फक्त थकबाकीदारांना धाडून चालणार नाही. पहिले पत्र ज्या ज्या सभासदांच्या हाती पडले आहे त्या सर्वांना ते पाठवावे.